दीड ते दोनमधलं जेवण

लढाईच्या दिवसांत मी वाशीमच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मला विसावं सरायचं होतं. चेहऱ्यावर देवीचे वण होते म्हणून लग्न जमत नव्हतं, आणि वडील जऊळक्याला मास्तर होते म्हणून त्यांना त्यातून दुसरी वाट सुचली. त्यांनी मला नॉर्मल स्कूलला, शिक्षिका तयार करणाऱ्या शाळेत, घातलं. पास झाल्यावर नेमणूक वाशीमला आली. एकट्या मुलीनं खोली घेऊन राहायचं हे त्यांनाही पचलं नसतं. गावात त्यांची चुलत बहीण होती, माझी आत्या. तिच्याकडे माझी सोय झाली.

आत्या प्रेमळ होती, पण तिच्या घराचं घड्याळ देवाच्या हातात होतं. आतोबा पेन्शन घेऊन घरी बसलेले. त्यांची पूजा सकाळी नवाला सुरू व्हायची आणि बारा वाजून गेले तरी नैवेद्याचं ताट देवापुढे जात नसे. नैवेद्य झाल्याशिवाय कोणाच्या पानात शीतही पडायचं नाही. माझी शाळा अकराला भरायची. मी सकाळी चहा घ्यायची, साखर मिळाली असेल तर साखरेचा, नाहीतर गुळाचा, आणि निघायची.

डबा का नेत नव्हतीस, असं आता माझ्या भाच्या विचारतात. स्वयंपाकच झालेला नसायचा. रात्रीची भाकरी नेऊ का, असं मी एकदा विचारलं होतं. आत्या म्हणाली, "शिळं बांधून दिलं असं गावात झालं तर मी तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?" शिवाय शिजलेलं अन्न रस्त्यानं नेलं की ते ओवळं. मधली सुट्टी दीड ते दोन. घरी जायला पंचवीस मिनिटं लागत आणि यायला तेवढीच.

पहिला महिना मी तसाच काढला. मग एका दुपारी फळ्यावर सतराचा पाढा लिहिताना सतरा सत्तेला आले आणि फळा पांढरा झाला. मी खाली बसले. मुलींनी माठातलं पाणी आणलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आल्या. त्या विधवा होत्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. शाळेत येताना नि जाताना हातात काळी छत्री, ऊन असो नसो.

"सकाळी काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं.

"चहा घेतला."

"होईल सवय," त्या म्हणाल्या, आणि वर्ग स्वतः घेतला.

मोठ्या बाई दुपारी कधीच काही खात नसत. सगळ्यांना ठाऊक होतं की त्या एकभुक्त आहेत, दिवसातून एकदा रात्री जेवतात. सुट्टीत त्या टेबलाशी बसून हजेरीपट तपासत. मला तशी सवय होईल असं वाटेना. दुसऱ्या दिवशी दीडची घंटा झाली आणि मी बाजाराकडे चालू लागले.

बाजार शाळेपासून दहा मिनिटांवर होता. म्हणजे खायला आणि बसायला मिळून दहाच मिनिटं उरत. पुरुषमाणसाला एवढ्यात वाशीमच्या बाजारात पोटभर खाता आलं असतं. कचेरीतले कारकून यायचे, खायचे, सुपारी चघळत परत जायचे. मी ते रोज पाहत होते. बाईनं कुठं बसून खायचं, हे मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण कोणी बसत नव्हतं.

चौकातल्या मोठ्या हॉटेलच्या पायरीशी मी उभी राहिले. आत बाकांवर माणसं लढाईची बातमी मोठ्यानं वाचत होती. ती वाचायची थांबली. गल्ल्यावरचा मालक उठून बाहेर आला, भला माणूस होता.

"काय पाहिजेन, बाई? कोनाले बलवाचं हाय काय?"

"नाही. खायला पाहिजे होतं."

त्यानं मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "भजे बांधून देतो. बसाचं म्हनसान तं जागा हाय, पन कायले लोकायले बोलाले तोंड द्याचं? तुमी मास्तरीन हाय ना?"

मी भज्यांचा पुडा घेतला. आता तो खायचा कुठं? रस्त्यानं चालत खाणं शक्य नव्हतं. शाळेत आणला, तर पाच मिनिटांत तेलाचा वास तिन्ही वर्गांत गेला. मोठ्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "हॉटेलातलं शाळेत नको. मुली घरी जाऊन सांगतात." पुडा मी शाळेतल्या दाईला दिला. तिनं तो मागच्या आवारात बसून चवीनं खाल्ला, आणि मला तिचा फार हेवा वाटला.

पुढे मी एक खानावळ शोधली. चालवणारी बाईच होती, म्हणून आशा होती. ती म्हणाली, "मागं सैपाकघरात बसा ना, माय. पन बाप्यायच्या पंगती उठल्यावर. दोन तं वाजनच." दोनला माझा वर्ग सुरू व्हायचा. तिचं वरणाचं भांडं उकळत होतं, लसणाची फोडणी नुकतीच पडली होती. ती खानावळ टाळून जायला मी पुढे दुसरी गल्ली धरली.

मग बालाजीचं देऊळ. दुपारी तिथं प्रसाद मिळायचा, कधी दहीभात, कधी नुसती खिचडी. देवळात बाईनं बसलं तर कोणी काही म्हणत नाही. मी सभामंडपात खांबाआड बसून तीन दिवस जेवले. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर आत्या वाट पाहत बसली होती. आतोबांच्या ओळखीच्या कोणीतरी मला पाहिलं होतं.

"आम्ही उपाशी ठेवतो का गं तुला? की गावानं तसं म्हणावं असं तुझ्या मनात आहे?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी देवळात जाणं बंद केलं. पण दीडची घंटा झाली की पाय बाजाराकडेच वळत. नुसती हिंडायची, वास घ्यायची आणि परत यायची. भूक लागलेल्या माणसाला बाजार किती बारकाईनं कळतो हे मला तेव्हा समजलं. कोणत्या दुकानात शेंगदाण्याचं ताजं तेल आलं, कोणाची जिलबी कालची आहे, हे मी लांबून सांगू शकले असते.

अशीच हिंडताना एका बोळात तडतड तडतड आवाज ऐकला. भडभुंज्याची भट्टी होती. जमिनीत खणलेली चूल, तिच्यात पऱ्हाट्या, कपाशीची वाळली झाडं, धडधडून पेटलेल्या, वर काळीभोर कढई, कढईत तापलेली रेती. एक मध्यम वयाची बाई मूठमूठ हरभरे रेतीत टाकून कोयत्यासारख्या लोखंडानं फिरवत होती. हरभरे फुटले की चाळणीत घेऊन रेती खाली गाळायची. तिच्या घराण्यातलं कोणी पूर्वी उत्तर हिंदुस्थानातून इकडे आलं होतं. घरात ती हिंदी बोलायची, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, आणि भट्टीशी दोन्ही.

मी फुटाणे घेतले. पुडी हातात धरून उभी राहिले. ते गरम होते.

तिनं कढईवरून मान वर केली. "खात काहून नाही?"

"इथं? रस्त्यात?"

"मंग आत या. उभ्यानं कायले राह्यता? त्या पोत्यावर बसा."

भट्टीच्या मागे, भिंत आणि पऱ्हाट्यांचा ढीग यांच्यामध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा होती. पुढून धूर, बाजूला ढीग. रस्त्यावरून आतलं काही दिसत नसे. मी पोत्यावर बसले आणि फुटाणे खाल्ले. तिनं न विचारता एका पितळीत मुरमुरे टाकले, कांदा चिरला, हिरवी मिरची मोडून घातली, वर मीठ नि कच्चं तेल. म्हणाली, "फुटाने नुसते खाल्ले तं नरड्यात बसते."

आणखी एक गोष्ट माझ्या सोयीची होती. पाण्याशिवाय रेतीत भाजलेलं कोरडं अन्न आत्याच्या घरीही कोणाच्या हातचं चालत असे. फुटाणे, लाह्या बाजारातून येत आणि देवापुढेही जात. संध्याकाळी आत्यानं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "हो, भट्टीचं चालतं." तिचा जीवही भांड्यात पडला असावा.

असा माझा दुपारचा प्रश्न सुटला. कचेरीत दोनचे टोल पडायच्या आत मला शाळेत पोचावं लागे. भडभुंजीण कढईवर वेळ मोजायची. "तिसरी कढई उतरली की निंघा, मास्तरीनबाई." तिची तिसरी कढई कधी चुकली नाही. हिवाळ्यात ज्वारीच्या लाह्या असत, पांढऱ्याशुभ्र. त्या मी ओंजळीनं खायची.

आठवडाभरानं पाहिलं तर पोत्यावर आधीच एक म्हातारी बसलेली. समोरच्या कोपऱ्यावर टोपली घेऊन पेरू, बोरं, सीताफळं विकायची ती बागवान बाई. सगळा बोळ तिला खाला, म्हणजे मुसलमानी बोलीत मावशी, म्हणायचा. मधला आठवडा ती गावाला गेली होती, एरवी रोज दुपारी आपली ज्वारीची भाकर भट्टीच्या काठावर शेकून तिथंच जेवायची. मी आले की ती सरकून जागा द्यायची. टोपलीतून एक पेरू निवडायची, वास घ्यायची, माझ्यापुढे ठेवायची.

भाकर मात्र तिनं कधी पुढे केली नाही. एकदा मी तिच्या अंबाडीच्या भाजीकडे पाहिलं असेन. ती शांतपणे म्हणाली, "तुमाले नाही चालनार, बाई. मले मालूम हाय." त्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. ती पुढे जेवत राहिली. मलाच खाली पाहावंसं वाटलं.

त्या दोघींच्या बोलण्यात मी हळूहळू ओढली गेले. दोघींचं बोलणं नेहमी कामाचं. कोणत्या गावचे पेरू किडले, पऱ्हाटी ओली निघाली, खालाच्या सुनेला पुन्हा मुलगीच झाली. भडभुंजीण म्हणाली, "मंग काय झालं? शाळेत पाठोव तिले. या बाई हायतच." खालानं माझ्याकडे पाहून विचारलं, "लेगी क्या?" मी म्हटलं, आधी सहा वर्षांची होऊ द्या. त्या दोघी इतक्या हसल्या की कढईतले हरभरे करपले.

शाळेत मी शिकवत होते, घरी मी पाहुणी होते. मनात येईल ते बोलायला मला दिवसाकाठी ती दहा मिनिटंच होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी समजत होते, मी फक्त भुकेसाठी जाते.

उन्हाळा लागता लागता बाजारात धान्याची टंचाई सुरू झाली. एक दिवस बोळात वळले तर तडतड नाही. चुलीत चार पऱ्हाट्या जळत होत्या, कढई रिकामी.

"हरबरा नाही भेटला," भडभुंजीण म्हणाली. "मुरमुरे बी नाही. आडत्या म्हन्ते, मालच नाही आला."

खालाच्या टोपलीत पेरू कधीच संपले होते. दोन कलिंगडं होती, तीही विकायची. ती भाकर शेकत बसली होती. मी परत फिरायला लागले. सकाळी घरी साखर नव्हती, गूळही नव्हता, मी कोरा चहाही न घेता आले होते. दुपारनंतर तीन वर्ग घ्यायचे होते. मी वळून म्हटलं, "खाला, मला अर्धी भाकर द्याल?"

तिचा हात थांबला. तिनं भडभुंजणीकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "सोच के मांगतेत ना, बाई? मागून मले बोल नोको."

"भूक लागली आहे," मी म्हटलं.

तिनं भाकरीचे दोन तुकडे केले. मोठा मला दिला, त्यावर अंबाडीची भाजी आणि लाल मिरचीचा गोळा. मी खाल्लं. भाकरीचा पापुद्रा करकरीत होता, भाजी आंबट. पहिला घास घेताना मी काहीतरी होण्याची वाट पाहत होते हे मला स्पष्ट आठवतं. काय होईल ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या घासाला ते विसरले. खालानं तिच्या लोट्यातलं पाणी द्यायला हात उचलला आणि मध्येच थांबवला. मी तो लोटा घेतला.

संध्याकाळी आत्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "आज काय खाल्लंस?"

मला फुटाणे म्हणता आलं असतं. पण आजवर मी तिला खरं सांगत आले होते आणि तिनं ते खरं मानलं होतं. मी सांगितलं.

ती आत गेली. आतोबांचा आवाज ऐकू आला, तिचा नाही. त्या दिवसापासून माझं पान बाहेरच्या ओसरीवर, गोठ्याच्या बाजूला मांडलं जाऊ लागलं. वाढायला आत्याच यायची, लांबून वाढायची. चार दिवसांनी आतोबा ओसरीवर आले. म्हणाले, "झालं ते झालं. लहान आहेस. पंचगव्य घे, भटजींना सांगतो मी."

मी म्हटलं, "आतोबा, ते घेतलं आणि उद्या पुन्हा खाल्लं तर?"

"पुन्हा खाणार आहेस?"

हो म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. "खालानं पुन्हा दिली तर नाही म्हणता येणार नाही," एवढंच मी म्हणाले.

"मग दुसरीकडे सोय बघ," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांच्या दृष्टीनं हा हिशेब सरळ होता. निघताना आत्यानं मला लोणच्याची बरणी दिली. बरणी ओट्यावर ठेवली आणि मागे सरली, मग मी ती उचलली. तिनं पदर तोंडाला लावला होता. आमच्यात ती बरणी होती आणि दोन हात अंतर होतं, आणि तिला ते अंतर ओलांडता आलं नाही. मी आज तिला दोष देत नाही. तेव्हा फार दिला.

वाशीम लहान गाव. मी घरातून निघाले हे शाळेत माझ्याआधी पोचलं. मोठ्या बाईंनी मला सुट्टीत टेबलाशी बोलावलं. आता नोकरी जाते असं धरूनच मी गेले.

त्यांनी हजेरीपट मिटला. "माझ्या शेजारी एक खोली रिकामी आहे. मालक सुतार आहेत, सज्जन आहेत. मी बोलून ठेवलंय."

मी आभार मानायला लागले. त्यांनी हात वर केला. "ती भट्टी कुठं आहे?"

मी सांगितलं.

"तिथं आडोसा आहे? रस्त्यावरून दिसत नाही?"

"नाही दिसत."

त्यांनी मिटलेला हजेरीपट बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मी एकभुक्त आहे असं लोक म्हणतात. मी कधी म्हटलं नाही. इथं लागले तेव्हा तुझ्यासारखीच हिंडले होते मी. मला जागा सापडली नाही. पुढं लोकांनीच व्रत ठरवलं आणि मला सोपं पडलं." त्या प्रथमच मला अगं-तुगं करत होत्या. "एकोणीस वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता त्या छत्री घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. भडभुंजणीची त्यांना पाहून तारांबळ उडाली. तिनं पोतं झटकलं, उलटं घातलं, पुन्हा झटकलं. खाला उठून उभी राहिली. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. तुमची रोजची जागा आहे." आणि पोत्याच्या कडेला ताठ बसल्या.

त्या दिवशी हरभरा आला होता. त्यांनी भाकर घेतली नाही, पाणी घेतलं नाही. मुरमुरे-फुटाण्यांची पितळी घेतली. पहिल्यांदा दोन बोटांनी, मग तीन, मग ओंजळीनं. लहान मूल खातं तशा त्या खात होत्या, घाईघाईनं, पितळीवरून नजर न काढता. कांद्याचा शेवटचा तुकडा बोटानं निपटून घेतला. आम्ही तिघी दुसरीकडे पाहत होतो.

"अजून देऊ काय, बाई?" भडभुंजणीनं हळूच विचारलं.

"दे," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या परत कधी भट्टीवर आल्या नाहीत. पण त्याच आठवड्यात त्यांनी नकाशांची खोली झाडून घेतली, तिथं दोन पाट ठेवले, आणि आम्हा तिन्ही शिक्षिकांना सांगितलं की यापुढे दार लावून डबा खायला हरकत नाही. आता माझी स्वतःची चूल होती. मी सकाळी भाकरी करून न्यायची. बाकीच्या दोघींची घरं शाळेला लागून होती, त्या घरीच जेवून येत; हिंदुस्थानच्या नकाशाखाली मोठ्या बाई नि मी समोरासमोर बसून जेवायचो. त्या जेवताना बोलत नसत. जेवण चांगलं होतं, वेळ भरपूर होता, आणि तरी आठवड्यातून दोनदा तरी मी डबा काखेत मारून बोळाकडे जायची. खालाला माझी भाकर जाड वाटायची. "लाटता के थापता?" असं ती विचारायची. तिनंच मला परातीत भाकरी कशी फिरवायची ते बसल्या जागी हातवारे करून शिकवलं.

दोन वर्षांनी माझी बदली मानोऱ्याला झाली. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून, दर चढावर उतरून चालत, मी तिथं पोचले. शाळा म्हणजे एक खोली, शिक्षिका मी एकटी. मुली गावातल्या आणि आसपासच्या तांड्यांवरच्या. नकाशांची खोली नव्हती, लावायला दुसरं दार नव्हतं. पहिल्या दिवशी दुपारी मी थोडा वेळ घुटमळले, मग त्यांच्यासमोरच डबा उघडला.

पहिल्या रांगेतली एक मुलगी टक लावून पाहत होती. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमीबी जेवता काय?"

"जेवते की," मी म्हटलं. "तुझं कालवण कशाचं आहे?"